या चुका टाळा: बर्फ उरला, तरी मासा का गेला?

कोकणातल्या हर्णै बंदराहून पुण्याला मासळी न्यायला लागलेली नवी मंडळी हमखास एकच रडगाणं गातात: "काका, खोक्यात बर्फ शिल्लक होता, तरी मासा उतरला." शिल्लक होता म्हणूनच उतरला!

बर्फ वितळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणं, ही सगळ्यात मोठी चूक. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो आणि ते गार पाणी अंगावरून ओघळतं तेव्हा मासा गार होतो. ३० अंशांवरचा दहा किलो मासा शून्याजवळ आणण्यातच तीन-साडेतीन किलो बर्फ खर्ची पडतो. पुढे ऊन आणि गाडीचा तापलेला पत्रा आपला वाटा मागतातच. म्हणून उन्हाळ्यात मी किलोभर माशाला किलोभर बर्फ धरतो. "वजन वाढतं, डिझेल जास्त जातं" ही कुरकुर मला सांगू नका. सुरमईचा भाव मोजून आल्यावर बर्फात काटकसर कसली करता?

एप्रिलातली गोष्ट. पुण्याचा एक तरुण संध्याकाळच्या लिलावात सुरमई आणि बांगडा घेऊन निघाला. ऑर्डरी आधीच घेतलेल्या, थर्माकोलचे खोके नवेकोरे. लादी फोडली, पण नारळाएवढे गोळे ठेवले, का तर "बारीक केला की लगेच वितळतो". तळाला थेट बांगडा, त्यावर सुरमई, सगळ्यात वर गोळे. खोक्याला भोक नाही, कारण आधीच्या खेपेला गाडीत पाणी सांडून वास बसला होता. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. आणि हे सगळं भरायच्या आधी मासळी तासभर वाळूवर उघडी, कारण साहेब कोळंबीचा भाव पाडत बसले होते.

मध्यरात्री मला फोटो आले. वरची सुरमई बरी होती, पण गोळे रुतून अंगाला खळगे पडलेले. तळात चार बोटं गुलाबी पाणी, त्यात पोट फुटलेले बांगडे, कल्ले विटकरी. गोळे मात्र निम्मे शाबूत! गोळ्यांच्या फटीत नुसती हवा, बर्फ माशाला टेकलेलाच नाही. वितळलं तेवढं पाणी रक्त आणि चिकटा घेऊन तळाशी साचलं आणि खालच्या पत्र्याने तापलं.

"मसाला लावून तळला तर चालेल ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. नाही चालणार. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांच्यात उष्णतेने हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि ते तळून, उकळून किंवा गोठवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं. बांगडे फेकायला लावले.

माझी पद्धत साधी आहे. बर्फाचा चुरा करतो. तळाला चार बोटं चुरा, मग माशांचा थर, पुन्हा चुरा, असं वरपर्यंत. कडांनाही चुरा, शेवटचा थर जाड. मोठ्या माशाचं पोट साफ करून आत बर्फ भरतो. खोका किंचित कलता, खालच्या कोपऱ्यात भोक, त्याला नळी आणि नळीखाली डबा. पाणी रस्त्यावर सोडत जाणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. मागून येणारा दुचाकीवाला त्यावरच घसरतो.

बांगडा मी बंदरावरच आधी भरपूर बर्फ घातलेल्या समुद्राच्या पाण्यात अर्धा तास बुडवतो. खोक्यात पाणी साचू देऊ नका म्हणता आणि स्वतःच पाण्यात बुडवता, असं कुणी विचारतंच. त्या पाण्यात बर्फ तरंगत असतो आणि खोका भरताना ते पाणी ओतून देतो. तळातल्या गुलाबी पाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बर्फात मीठ टाकू नका. पारा शून्याखाली जातो, माशाची कड गोठते आणि गोठण सुटल्यावर मांस भुसभुशीत होतं.

बोंबील कशाच्याही खाली ठेवू नका, बोंबलाखाली बोंबीलसुद्धा फार नको.

कोळंबी लिलावातून थेट बर्फात. डोकी काळी पडली की गिऱ्हाईक भाव पाडतं, आणि मग त्याला नावं ठेवायची नाहीत.

निळसर बर्फ स्वस्तात मिळाला तरी माशाला लावू नका. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून राज्यात २०१८ पासून तो रंग घालतात.

थर्माकोलचा खोका चिरला की टाका. चिरेत घाण बसते, ती धुऊन निघत नाही.

आणि माणगावला चहाला थांबलात की झाकण उघडून बघायची हौस आवरा. नळीकडे बघा. पाणी ठिबकत असेल तर चहा प्या. ठिबकणं थांबलं असेल तर एक तर भोक खवल्यांनी तुंबलंय, नाहीतर बर्फ संपलाय. मग चहा राहू द्या आणि आधी खोका उघडा.