बत्तीस बोअरचं काडतूस: नव्या परवानाधारकांसाठी

छत्रपती संभाजीनगरात शस्त्रांच्या दुकानात मी काउंटर सांभाळतो. बीड, जालना, परभणीकडून नवा परवाना घेऊन आलेले लोक सहसा एवढंच म्हणतात, "बत्तीसच्या गोळ्या द्या." मी आधी विचारतो, रिव्हॉल्व्हर आहे की पिस्तूल?

दोन्हींना लोक बत्तीस बोअरच म्हणतात (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप, इथे साधारण .३२ इंच), पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरला '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग' लागतं. त्याची पितळी केस, म्हणजे कवच, सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते. त्याच कडेवर ते सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागात, अडकून राहतं. पिस्तुलाचं '.३२ एसीपी' साधारण १७ मिलिमीटरच्या केसचं, कड जेमतेम. ते काही रिव्हॉल्व्हरमध्ये बसतंही, आणि धोका तिथेच आहे, कारण त्याचा दाब जास्त असतो. म्हणून नळीवर कोरलेलं, खोक्यावर छापलेलं आणि काडतुसाच्या बुडावर उमटवलेलं, हे तिन्ही स्वतः वाचा. कुणी पाहुण्याने दिलेली सुटी काडतुसं तर घेऊच नका. कोणाकडून किती आली हे परवान्यावर नोंदलेलं असावं लागतं, आणि त्यांची अवस्थाही कळत नाही.

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवायची आपल्याकडे हौस फार. चामड्यामुळे पितळेवर हिरवट थर चढतो आणि काडतूस सिलिंडरच्या घरात, म्हणजे ते बसतं त्या भोकात, नीट जात नाही. मूळ खोक्यात, कोरड्या जागी, कुलपात ठेवा. तेलही लावू नका. ते बुडाच्या टोपीत (हीच दारू पेटवते) शिरलं की बार फुसका जातो. आणि मे महिन्यात परभणीच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत खोकं राहू देऊ नका.

भरताना नळी मोकळ्या जमिनीकडे, बोट चापाबाहेर. आपल्या सरकारी कारखान्यांची बरीच रिव्हॉल्व्हरं, 'निर्भीक'सह, नळी खाली झुकवून वरच्या बाजूने उघडतात. उघडून सगळी घरं आणि नळी उजेडात पाहा. काडतूस आपल्या वजनाने आत गेलं पाहिजे. दाबावं लागलं तर काढा आणि दुकानात दाखवा. सगळी बुडं एका पातळीत आहेत ना, हे बघा. एखादं वर राहिलं तर सिलिंडर अडतं. बंद करताना झटका देऊ नका. जुन्या बनावटीचं असेल तर घोड्याखालचं (चाप ओढल्यावर आपटतो त्या भागाखालचं) घर रिकामं ठेवा, कारण हातून पडलं तर त्याच घरातला बार उडू शकतो.

नेमबाजीच्या रेंजवर चाप ओढला आणि आवाज झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडे धरून किमान अर्धा मिनिट थांबा; कधी बार उशिरा उडतो. नेहमीपेक्षा दबका 'फट्' आवाज आला तर पुढचा बार अजिबात काढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. सिलिंडर रिकामं करा, नळी आरपार दिसते का पाहा, आणि दिसली नाही तर हत्यार तसंच कारागिराकडे द्या.