जुन्या परफॉर्मन्स इंजिनासाठी मजबूत क्रँकशाफ्ट कसा निवडावा आणि कसा तपासून घ्यावा

जुन्या इंजिनात दणकट क्रँक टाकायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: "४३४० चा घडीव घे, डोक्याला ताप नाही." ४३४० हा पोलादाचा दर्जा, घडीव म्हणजे तापवून ठोकून आकार दिलेला, आणि क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल फिरकीत बदलणारा दांडा. हा सल्ला अर्धाच आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर लोकांची इंजिनं जातात. माझ्या हातात आजवर तडकलेले जे क्रँक आले, त्यांतल्या बहुतेकांचा धातू चांगलाच होता. तडा मात्र जवळपास दर वेळी एकाच जागी होता, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) जिथे वेबला (जर्नलांना जोडणाऱ्या जाड पात्याला) मिळतं त्या कोपऱ्यात. म्हणून या लेखात त्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. इंजिन उघडलेलं आहे, ब्लॉकच्या मेन बोअर (क्रँक बसतो ती भोकं) सरळ रेषेत आहेत आणि तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल हाताशी आहे, असं धरून चालतो.

१. आधी आरपीएम ठरवा, हॉर्सपॉवर नंतर

इंजिनातून ताकद किती काढायची हे सगळे सांगतात, फिरवायचं किती हे कोणी सांगत नाही. पिस्टन आणि त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या जडत्वाचा भार आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० वरून ७,५०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो आणि भार दीडपटीच्याही वर जातो. शांतपणे चालवायच्या, ५,५०० च्या आतल्या इंजिनात मूळचा घडीव क्रँक शाबूत असेल तर तोच ठेवा. पैसे रॉडमध्ये आणि रॉडच्या बोल्टमध्ये घाला.

२. धातू

ओतीव क्रँक बिडाचे किंवा नोड्युलर बिडाचे असतात. साध्या कामाला पुरतात, पण वाढीव आरपीएमसाठी मी ते घेत नाही. घडीवमध्ये ५१४० आणि ४१३० या मधल्या पायऱ्या, आणि ४३४० म्हणजे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं चिवट पोलाद. ब्रिटिश इंजिनांसाठी ईएन२४ आणि ईएन४०बी ही नावं भेटतील. ईएन२४ हे ४३४० चंच भावंड. ईएन४०बी खास नायट्रायडिंगसाठीचं पोलाद आहे, सुरुवातीच्या मिनी कूपर एसचे क्रँक त्याचेच होते.

बिलेट म्हणजे अख्ख्या गजातून कोरून काढलेला क्रँक. "बिलेट म्हणजे घडीवापेक्षा भारी" हे सरसकट खरं नाही. घडीवात धातूचे तंतू क्रँकच्या आकाराबरोबर वळतात, कोरताना ते कापले जातात. बिलेटचा खरा उपयोग वेगळा आहे. ज्या इंजिनाच्या घडीव क्रँकचा साचाच आता कुठे उरलेला नाही, त्याच्यासाठी हवा तो स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) आणि हवी ती जर्नलं घेऊन क्रँक बनवता येतो.

३. तुमच्या इंजिनाची नेमकी आवृत्ती

नाव एकच आणि मापं वेगळी, हे जुन्या इंजिनांत पावलोपावली आहे. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये १९६८ च्या आधीच्या बहुतेक इंजिनांची मेन जर्नलं (ब्लॉकमध्ये बसणारी) २.३० इंची, नंतरची २.४५ इंची आणि ४०० घन इंचाच्या इंजिनाची २.६५ इंची. १९८६ पासून मागचं ऑइल सील अखंड झालं, त्यामुळे क्रँकची मागची बाजूच बदलली. फोर्डच्या ३०२ घन इंचाच्या इंजिनाला बाहेरून बॅलन्स लागतो, म्हणजे तोलाचं काही वजन मागच्या फ्लायव्हीलवर आणि पुढच्या डॅम्परवर (कंपनं शोषणाऱ्या चाकावर) असतं. आधी तो २८ औंस-इंच होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ५० झाला. २८ च्या क्रँकला ५० चं फ्लायव्हील लावलंत तर गाडी दात खिळखिळे करेल. मागवण्याआधी ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर वाचा. गाडीच्या कागदपत्रांवर विसंबू नका, इतक्या वर्षांत ब्लॉक बदललेला असू शकतो. गाडी ऐतिहासिक स्पर्धांत उतरवणार असाल तर त्या गटाचे नियमही आत्ताच वाचा. मूळ स्ट्रोकच हवा अशी अट अनेक ठिकाणी असते.

४. स्ट्रोक वाढवताय? ओव्हरलॅप मोजा

मेन जर्नल आणि बिगएंड जर्नल (ज्यावर रॉड बसतो) समोरून पाहिली तर एकमेकांवर जेवढी चढलेली दिसतात, तो ओव्हरलॅप. दोन्ही व्यासांची बेरीज करून निम्मी करा आणि त्यातून निम्मा स्ट्रोक वजा करा. ३५० घन इंचाच्या स्मॉल ब्लॉकमध्ये मेन ६२.२ मिमी, बिगएंड ५३.३ मिमी आणि स्ट्रोक ८८.४ मिमी, म्हणजे ओव्हरलॅप साडेतेरा मिमी. त्याच ब्लॉकमध्ये ९५.२५ मिमीचा स्ट्रोक घातला, म्हणजे लोकप्रिय ३८३ बनवलं, की तो दहा मिमीवर येतो. वजन आणि घर्षण वाचवायला बिगएंड ५०.८ मिमीचं केलंत तर नऊ मिमीही उरत नाही. ओव्हरलॅप घटला की सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो. धातूचा दर्जा एक पायरी वाढवल्याशिवाय स्ट्रोक वाढवू नका.

५. कोपरा

जर्नल वेबला जिथे मिळतं तिथे काटकोन नसतो, छोटी गोलाई असते. तिला फिलेट म्हणतात. क्रँक दर फेऱ्याला वाकतो आणि पिळला जातो, आणि तो सगळा ताण या गोलाईत गोळा होतो. गोलाई जितकी मोठी आणि गुळगुळीत, तितका क्रँक टिकाऊ. कोपरा टोकदार राहिला तर उत्तम पोलादही तिथूनच तडकतं. म्हणूनच चांगल्या आफ्टरमार्केट क्रँकला कारखान्याच्या क्रँकपेक्षा मोठी फिलेट देतात. अमेरिकन व्ही-८ साठी ०.१२५ इंच, म्हणजे ३.२ मिमी, हे नेहमीचं माप आहे.

इथेच मी अडकलो होतो. माझ्या दुसऱ्या इंजिनासाठी मी वाढीव स्ट्रोकचा, मोठ्या फिलेटचा सुंदर क्रँक घेतला आणि बेअरिंगं मात्र मूळ मापाची, नेहमीची बसवली. क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि बेअरिंगमधली फट, मायक्रोमीटरने मोजला, बरोबर आला. रॉड घट्ट केले तेव्हा क्रँक हाताने फिरवायला किंचित जड गेला. ज्या मशीन शॉपने जुळवणी पाहिली होती त्यांनी सांगितलं, "नवं आहे, चालून मोकळं होईल." मी ते ऐकलं. पहिल्या वीस मिनिटांतच गरम इंजिनाचा आयडलवरचा ऑइल प्रेशर उतरायला लागला. संप (खालची तेलाची टाकी) खोलला, बिगएंडच्या कॅप काढल्या. शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याचा) मधला भाग करडा आणि निर्दोष होता, पण वेबच्या बाजूच्या काठावर दोऱ्याएवढी चकचकीत रेघ होती आणि तिच्याखालून तांबूस थर डोकावत होता. शेलचा काठ फिलेटवर चढून घासत होता. क्लिअरन्स मी जर्नलच्या मध्यावर मोजला होता, आणि मध्यावर तो बरोबरच होता.

तेव्हापासून हे करतो आणि कोणालाही हे टाळू देत नाही.

मोठ्या फिलेटच्या क्रँकला काठ उतरवलेलीच बेअरिंगं घ्यायची. क्लेव्हाइट या बेअरिंगच्या ब्रँडच्या पार्ट नंबरात शेवटी 'एन' असतो तो याचसाठी, ते शेल फिलेटला जागा देण्यासाठी अरुंद केलेले असतात. ज्या शेलचा काठ एकाच बाजूने उतरवलेला असतो, तो वेबच्या बाजूला येईल असाच बसवायचा. रॉडचंही तसंच. व्ही इंजिनात एका जर्नलवर दोन रॉड शेजारी बसतात. रॉडच्या मोठ्या डोळ्याची एक कड जास्त उतरवलेली असते, ती वेबकडे आणि सपाट बाजू शेजारच्या रॉडकडे. उलटा बसलेला रॉड वरून ओळखू येत नाही.

मग तपासणी. शेलच्या दोन्ही काठांना मार्करने निळा रंग लावा, तेल लावून रॉड जर्नलवर टॉर्कला घट्ट करा, एका बाजूला ढकलून धरा आणि क्रँक पाच-सहा वेळा फिरवा. मग दुसऱ्या बाजूला ढकलून तेच करा. उघडून पाहा. काठावरचा रंग कुठेही पुसला गेला असेल तर तो शेल नापास. एका रॉडला दहा मिनिटं लागतात. "चालून मोकळं होईल" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. क्रँकमध्ये चालून मोकळं होणारं काही नसतं, जे मोकळं होतं ते बेअरिंगचं साहित्य असतं आणि ते फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

कोपऱ्याची दुसरी बाजू ग्राइंडिंगची. जर्नल घासणारं चाक वापरता वापरता कडेला झिजतं. कामगाराने ते नीट ड्रेस केलं नाही, म्हणजे पुन्हा आकाराला आणलं नाही, तर फिलेटच्या जागी पायरी किंवा कोपरा उरतो. असा एक क्रँक ग्राइंडिंगहून परत आला होता. आरशासारखी चमकणारी जर्नलं बघून मी खूश झालो. नंतर नख फिरवलं तर कोपऱ्यात नख अडकलं. चुंबकीय चाचणी (चुंबकाने आणि लोखंडी भुकटीने बारीक तडे शोधण्याची) करून घेतली, तर तिथेच केसासारखी रेघ उमटली. आता रेडियस गेज घेऊन प्रत्येक जर्नलच्या दोन्ही बाजू मोजल्याशिवाय मी क्रँक ताब्यात घेत नाही.

तिसरी गोष्ट, नायट्रायडिंग. पोलाद सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास नायट्रोजन देणाऱ्या वातावरणात ठेवलं की पृष्ठभाग कठीण होतो आणि त्यात दाब भरतो. त्यामुळे फिलेट तड्याला जास्त दाद देत नाही. पण हा थर पातळ असतो, चांगल्या नायट्रायडिंगचाही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. ०.२५ मिमी अंडरसाइझ घासलं, म्हणजे जर्नलचा व्यास तेवढा कमी केला, की त्रिज्येवरून ०.१२५ मिमी गेले, आणि ते सगळ्यात कठीण ०.१२५. नायट्राइड केलेला क्रँक घासला तर पुन्हा नायट्राइड करून घ्या आणि त्यानंतर सरळपणा पुन्हा मोजा, कारण भट्टीत तो वाकू शकतो. काही कारखानी क्रँकची फिलेट रोलरने दाबून मजबूत केलेली असते. ती घासली की तो दाबही निघून जातो.

६. विक्रेत्याला विचारायचं ते

धातूचा दर्जा आणि त्याचं प्रमाणपत्र, फिलेटचं माप, कोणती उष्णताप्रक्रिया आणि थर किती खोल, आणि क्रँक कोणत्या बॉबवेटला (बॅलन्स करताना पिस्टन-रॉडऐवजी जर्नलवर लावायच्या वजनाला) जुळवलेला आहे. लेखी मागा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर तो सोडून द्या, किंमत कितीही मोहात पाडणारी असो.

७. वापरलेला क्रँक

घडीव म्हणून ओतीव गळ्यात मारतात. वेबवरची साच्याची खूण बघा. ओतीवावर ती बारीक सरळ रेघ असते, घडीवावर रुंद घासलेला पट्टा. आडवा टांगून हलकेच ठोकलात तर घडीव घंटेसारखा वाजतो. त्यानंतरही चुंबकीय चाचणीशिवाय पैसे देऊ नका.

८. बॅलन्स आणि डॅम्पर

व्ही-८ साठी बॉबवेट तुमच्या पिस्टन-रॉडच्या वजनावरून काढतात: फिरणारं वजन पूर्ण, वर-खाली होणारं निम्मं. पिस्टन ठरवल्याशिवाय क्रँक बॅलन्सला पाठवू नका. काउंटरवेट (वेबवरची तोलाची वजनं) हलकी पडली तर त्यांत टंगस्टन ठोकावं लागतं आणि तो खर्च लोक धरतच नाहीत. जुना डॅम्पर पुन्हा लावू नका. रबर कडक होतं, बाहेरची कडी सरकते आणि टायमिंगची खूणही चुकीची दाखवायला लागते. ताठ क्रँकच्या कंपनांची वारंवारता वेगळी असते, त्यासाठी नवाच डॅम्पर घ्या.

९. बसवणी

तेलाच्या वाटांचे प्लग काढून ब्रशने धुवा, नव्या क्रँकमध्येही बारीक भुगा निघतो. काउंटरवेट पिस्टनच्या स्कर्टला आणि ब्लॉकच्या कडांना लागत नाही ना ते हाताने फिरवून बघा. बेअरिंग क्लिअरन्स ढोबळमानाने व्यासाच्या एक हजारांश, ५० मिमीला ०.०५ मिमी, आणि शेवटचा शब्द मॅन्युअलचा. एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, मोजा. पहिलं तेल काढाल तेव्हा जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडा आणि उन्हात धरा. तांबूस चमचम दिसली तर संप त्याच दिवशी उतरवा.