मीठ पुरेसं, तरी ‘मीठ कमी’चा दिवा

खाऱ्या पाण्याच्या स्विमिंग पूलचा आमचा क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) ‘मीठ कमी’ दाखवायला लागला आणि पाण्यातलं क्लोरीन जवळपास शून्यावर आलं. अशा वेळी घाईने मीठ ओतू नये. जास्त झालं तर पाणीच बदलावं लागतं. टेस्ट स्ट्रिपने तपासलं तर मीठ ३२०० पीपीएम, म्हणजे हवं तेवढं. फिल्टर, पंप ठीक.

मग वीज बंद करून सेल, म्हणजे यंत्राचा क्लोरीन तयार करणारा भाग, काढला. टायटॅनियमच्या पट्ट्यांमध्ये पांढरे, खरखरीत क्षार इतके गच्च बसले होते की आरपार उजेड दिसेना. बरीच यंत्रं पट्ट्यांमधून वाहणाऱ्या करंटवरून मीठ ठरवतात, त्यामुळे क्षार चढले की आकडा चुकतो.

चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं. आधी पाणी, मग ॲसिड, उलट कधीच नाही! हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. सेल त्यात बुडवला आणि फसफसणं थांबल्यावर स्वच्छ धुतला. स्क्रूड्रायव्हरने मात्र खरवडू नका, पट्ट्यांवरचा लेप गेला की सेल गेलाच.

दिवा विझला. मूळ दुखणं पीएचचं होतं, ८ च्या वर गेलेला; त्यामुळेच क्षार साचले. अशा पूलमध्ये तो आपोआप चढत राहतो. आता दर आठवड्याला तपासून ७.४ ते ७.६ मध्ये ठेवतो.