गरोदरपणात ओटीपोटाची हाडे आणि माकडहाड दुखते तेव्हा: उठण्याबसण्याची रीत कशी बदलावी

दुसऱ्या खेपेला मला सातवा महिना लागला होता. सकाळी उभ्याने सलवार चढवताना डावा पाय उचलला की ओटीपोट जिथे संपते त्या पुढच्या हाडावर सुरी फिरल्यासारखी कळ येई आणि कपाटाचे दार धरून उभे राहावे लागे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका मायेने म्हणत, "दिवस भरत आले की एवढे व्हायचेच," आणि मीही तीन आठवडे ते खरे मानून चालले. पुढे फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्यांची पहिली सूचना अगदी साधी होती: सलवार, परकर, चप्पल, जे काही पायांतून घालायचे ते पलंगाच्या कडेवर बसून घालावे. दुसऱ्या दिवसापासून सकाळची ती कळ जवळजवळ थांबली. या दुखण्याचा बराचसा भाग असाच असतो. उठण्याबसण्याची, कूस बदलण्याची आणि चालण्याची रीत बदलली की तो उतरतो, आणि ती रीत कोणालाही शिकून घेता येते.

कमरेखालचा हाडांचा घेर तीन सांध्यांनी जुळलेला असतो. मागे, कमरेच्या खाली ज्या दोन खळ्या दिसतात त्यांच्या आसपास दोन सांधे असतात आणि पुढे, ओटीपोटाच्या खालच्या टोकाला, दोन्ही बाजूंची हाडे कूर्चेने जोडली जातात तो तिसरा. पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक म्हणजे माकडहाड. तीन ते पाच लहान मणक्यांच्या या हाडाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू येऊन चिकटलेले असतात, म्हणून पुढचे आणि मागचे दुखणे पुष्कळदा जोडीने येते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैलावतात, पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो आणि घेराच्या दोन्ही बाजू सारख्या हलेनाशा झाल्या की एखाद्या सांध्यावर जास्तीचा ताण येतो. पुढच्या सांध्यातील फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते आणि या दिवसांत ती आणखी २ ते ३ मिलिमीटर रुंदावणे स्वाभाविक आहे. पण फट जितकी मोठी तितके दुखणे अधिक, असा हिशेब लागत नाही. त्यामुळे कळ आली म्हणजे हाड सरकले किंवा मोडेल, ही भीती मनातून काढावी. साधारण दर पाच गर्भवतींपैकी एकीला हा त्रास होतो आणि पोटातल्या बाळाला त्यापासून धोका नसतो.

हे दुखणे ओळखण्याच्या खुणा हालचालींत सापडतात. एका पायावर भार आला, जिना चढला, पलंगात कूस बदलली, रिक्षातून उतरताना पाय फाकले, की पुढच्या हाडावर, जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूस किंवा नितंबाच्या वरच्या भागात कळ येते. काहींना सांध्यात कटकट आवाजही जाणवतो. माकडहाड दुखत असेल तर बसल्यावर, विशेषतः मागे रेलून बसल्यावर त्रास वाढतो आणि खुर्चीतून उठतानाचा क्षण सर्वांत वाईट असतो. कळ नितंबातून निघून गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत उतरत असेल, तर नस दाबली गेल्याची शक्यता असते आणि ते डॉक्टरांना वेगळे सांगावे.

पुढचे उपाय करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे. रक्तस्राव होणे, पाणी जाणे, ३७ आठवड्यांपूर्वी पोट ठरावीक अंतराने घट्ट होऊन सुटत राहणे, बाळाची हालचाल मंदावणे, तापासोबत लघवीला जळजळ होणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, पायातली शक्ती जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे किंवा पायावर भारच न घेता येणे, यांपैकी काहीही झाले तर ते या लेखातले दुखणे समजू नये आणि त्याच वेळी रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि गर्भवतींसाठी १०२ हा क्रमांकही आहे. खुणा साध्या असल्या तरी पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगून ठेवावे, कारण दुखणे जुने होण्याआधी उपाय सुरू केले तर ते लवकर आटोक्यात येते.

सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: दोन्ही गुडघे जोडीने हलवावेत आणि दोन्ही पायांवर सारखा भार ठेवावा. याची खरी परीक्षा रात्री होते. उताणे पडून एक पाय उचलून टाकत कूस बदलली की कळ ठरलेलीच. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे वाकवावेत, त्यांच्यामध्ये छोटी उशी धरून ते एकमेकांवर हलकेच दाबावेत, श्वास सोडावा आणि खांदे, कंबर, गुडघे हे सगळे एका वेळी, लाकडी ओंडका गडगडावा तसे, वळवावेत. अंगाखालची चादर जाड सुती आणि खरखरीत असेल तर शरीर अडकते. कमरेखाली एखादी गुळगुळीत जुनी रेशमी ओढणी पसरली तर वळणे पुष्कळ सोपे जाते. झोपताना कुशीवर, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत आधार मिळेल अशी लांब उशी पायांमध्ये घ्यावी आणि पोटाखाली मऊ सुती साडीची घडी सरकवावी. विकतची गर्भवतींची उशी चांगली असते, पण गोधडीची घट्ट गुंडाळी तेच काम करते. २८ आठवड्यांनंतर झोपताना उताणे न झोपता कुशीवरच झोपावे. पहाटे उठताना आधी कुशीवर वळावे, दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर बसते व्हावे. सरळ उठून बसण्याचा झटका टाळावा.

जिन्यासाठी एक रीत पाठ करून ठेवण्यासारखी आहे. चढताना कमी दुखणारा पाय आधी वर ठेवावा, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली ठेवावा, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची पायरी घ्यावी. चालताना पावले लहान टाकावीत. मोटारीत किंवा रिक्षात बसताना आधी पाठमोरे होऊन बैठक टेकवावी आणि मग गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. उतरताना हाच क्रम उलटा करावा. दुचाकीवर पाय फाकून बसल्याने पुढचा सांधा ताणला जातो आणि साडी नेसून एका बाजूला बसल्याने कंबर पिळली जाते, शिवाय खड्ड्यांचे धक्के थेट माकडहाडाला बसतात, म्हणून दुखणे असेपर्यंत दुचाकी सोडावी हे बरे. एसटीने जाणे भाग असेल तर मागची बाके टाळून मधल्या भागात जागा घ्यावी.

आपल्या घरांत गरोदर बाईला एक सल्ला हमखास मिळतो: उकिडवे बसून लादी पुसावी, म्हणजे बाळंतपण सोपे होते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि ज्यांना हे दुखणे नाही अशा बाईने झेपेल तितके काम करण्यात काही गैरही नाही. मात्र ज्यांचा पुढचा सांधा दुखतो त्यांनी गुडघे फाकून उकिडवे बसणे आणि त्याच स्थितीत एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकत जाणे म्हणजे दुखऱ्या सांध्याला पुन्हा पुन्हा ताण देणे होय. हे सासूबाईंना किंवा आईला शांतपणे, आणि शक्य असल्यास डॉक्टरांच्या तोंडून, समजावून द्यावे. दुखणे बाहेरून दिसत नसल्याने "हिला काम नको" असा समज होणे फार सोपे असते, आणि तो समज त्या बाईला दुखण्याइतकाच त्रास देतो. लादीसाठी लांब दांड्याचा पोछा वापरावा. विळीवर बसून भाजी चिरण्याऐवजी टेबलापाशी खुर्चीवर बसून सुरीने चिरावी. पाण्याची भरलेली बादली एका हाताने उचलू नये. थोरले मूल कडेवर घेण्याची सवय मोडणे सर्वांत जड जाते, कारण ते मूलही त्याच दिवसांत अधिक बिलगू लागते. अशा वेळी आपण खुर्चीत बसावे आणि त्याला शेजारी उभे करून जवळ घ्यावे. मांडी घालून किंवा एका पायावर पाय टाकून बसणे टाळावे, आणि पूजेसाठी किंवा जेवणासाठी खाली बसण्याचा आग्रह कोणीही धरू नये.

माकडहाडाच्या दुखण्यात बैठक महत्त्वाची. मधोमध भोक असलेली गोल उशी सर्रास विकली जाते, पण तिच्यावर बसल्याने हाडाभोवतीचा भाग कित्येकदा भोकात खेचला जातो; त्यापेक्षा मागच्या बाजूला खाच असलेली, किंचित पुढे उतरती उशी अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यावर माकडहाड अधांतरी राहते आणि भार मांड्यांवर येतो. ती मिळेपर्यंत दोन टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करून दोन्ही मांड्यांखाली एक एक ठेवावी आणि मधली जागा रिकामी सोडावी. मऊ सोफ्यात रुतून बसू नये. दर २० ते ३० मिनिटांनी उठावे, आणि उठताना आधी बैठकीच्या कडेला सरकून, अंग पुढे झुकवून, नितंब आवळून मग उभे राहावे. हे आवळणे विसरले की ती ओळखीची कळ लगेच आठवण करून देते.

बद्धकोष्ठता असेल तर हे दुखणे दुप्पट वाटते, कारण कुंथण्याचा जोर नेमका त्याच भागावर येतो. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि तिने शौचाला घट्ट होऊ शकते. तेवढ्यासाठी गोळी बंद करू नये, पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी आणि फळे वाढवावीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर इसबगोल किंवा दुसरे औषध डॉक्टरांना विचारून घ्यावे. एरंडेल मात्र घेऊ नये. त्याने पोटात कळा सुरू होऊ शकतात. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे असह्य होत असेल तर औषधांच्या किंवा वैद्यकीय साहित्याच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, आणि काही ठिकाणी ती भाड्यानेही मिळते.

व्यायाम थांबवू नये, फक्त निवडून करावा. हातांवर आणि गुडघ्यांवर येऊन पाठ हलकेच वर उचलायची आणि सपाट करायची, हे मार्जारासन बहुतेकींना मानवते. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये उशी धरून ती ५ सेकंद दाबणे, आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते आवळून सोडणे, हेही दिवसातून दोनतीनदा करता येते. गरोदरपणाच्या वर्गांत हमखास शिकवले जाणारे फुलपाखरू आसन, म्हणजे बद्धकोनासन, तसेच मलासन, त्रिकोणासन आणि एका पायावरचे वृक्षासन या दुखण्यात वगळावे आणि शिकवणाऱ्या ताईंना तसे आधीच सांगावे. कमरपट्टा वापरायचा असेल तर तो कमरेवर न बांधता पोटाच्या खालून, मांडीचे हाड बाहेरून जिथे हाताला लागते त्या पातळीवर बांधावा, उभे राहताना आणि चालताना ठेवावा, बसल्यावर किंवा झोपल्यावर काढावा. पहिल्यांदा तो फिजिओथेरपिस्टकडून बांधून घ्यावा; चुकीच्या जागी बांधलेला पट्टा त्रास वाढवतो.

कोमट शेक टॉवेलात गुंडाळून मागच्या बाजूस १० ते १५ मिनिटे घेता येतो. पोटावर शेक घेऊ नये. गोळीच लागली तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही औषधे घरच्या डब्यात सहज सापडतात, काही गोळ्यांत ती पॅरासिटामॉलसोबत मिसळलेली असतात आणि चोळायच्या मलमांतही असतात. विशेषतः २० आठवड्यांनंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, म्हणून वेष्टनावरील नावे वाचल्याशिवाय काहीही घेऊ किंवा लावू नये.

प्रसूतीची तयारी करताना एक मोजमाप आवर्जून करून ठेवावे. खुर्चीच्या कडेला बसून गुडघे हळूहळू बाजूला न्यावेत आणि कळ सुरू होण्यापूर्वी त्यांच्यात जितके अंतर पडते ते टेपने मोजून फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे. प्रसूतीच्या वेळी, विशेषतः पाठीत भुलीचे इंजेक्शन दिल्यावर, दुखणे कळत नाही आणि पाय त्या अंतराहून अधिक फाकवले जाण्याची शक्यता असते. आकडा लिहिलेला असला की परिचारिका आणि डॉक्टर काळजी घेतात. कुशीवर झोपून किंवा गुडघ्यांवर टेकून कळा देण्याविषयीही आधीच बोलून ठेवावे. केवळ या दुखण्यामुळे सिझेरियन करावे लागत नाही.

बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. त्या दिवसांत बाळंतिणीला पाटावर बसवून आंघोळ घालण्याऐवजी उंच स्टुलावर बसवावे, मालिश करणाऱ्या बाईंना माकडहाडावर आणि पुढच्या हाडावर जोर न देण्यास सांगावे, आणि बाळाला पाजताना खुर्चीत, पाठीला आधार घेऊन, खाच असलेल्या त्याच उशीवर बसावे. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत चालताना कळ येतच असेल तर डॉक्टरांकडून पुन्हा फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्यावी.