दरवाजे उचलले, पाणी वाढले: इंग्रजीतील सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे

पावसाळ्यात कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी कुठवर आली, या दोन बातम्या सांगलीकर एका दमात वाचतो. इंग्रजीतील सकर्मक-अकर्मक क्रियापदांचा बराचसा प्रश्न या दोन बातम्यांतच सापडतो, म्हणून मी वर्गात तिथूनच सुरुवात करतो.

‘दे रेझ्ड द गेट्स’ आणि ‘द रिव्हर रोझ’ ही वाक्ये पाहा. पहिल्यात क्रिया कर्त्यापासून निघून दरवाजांपर्यंत जाते, आणि ‘द गेट्स’ काढून टाकले तर काय उचलले हा प्रश्न लोंबकळत राहतो. दुसऱ्यात नदी वाढली, तिथेच गोष्ट पुरी झाली. म्हणून ‘रेझ’ सकर्मक आणि ‘राइझ’ अकर्मक. रूपेही वेगळी आहेत: राइझ, रोझ, रिझन आणि रेझ, रेझ्ड, रेझ्ड. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला हा भेद मुळीच परका नाही. इंग्रजीत मात्र अशा जोड्या थोड्याच आहेत आणि पुष्कळदा एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘द कोयना मीट्स द कृष्णा ॲट कराड’ यात ‘मीट’ सकर्मक आहे, तर ‘द टू रिव्हर्स मीट ॲट कराड’ यात तेच अकर्मक आहे. क्रियापद सुटे धरून त्याची जात पाठ करण्यापेक्षा ते वाक्यात काय करते ते पाहावे, असे मी सांगतो ते यासाठीच.

ओळखण्याची नेहमीची रीत म्हणजे क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असे विचारणे. रीत चांगली आहे, पण ती दोन ठिकाणी फसवते. ‘द वॉटर रोझ फाइव्ह फीट’ यातील पाच फूट हे ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर आहे, कर्म नव्हे. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ यात ‘काय झाली?’ याला उत्तर मिळते, तरीही डॉक्टर हे कर्म नव्हे, कारण ती आणि डॉक्टर एकच व्यक्ती आहे. शंका आली की वाक्य कर्मणी प्रयोगात फिरवून पाहावे. ‘द गेट्स वेअर रेझ्ड’ सरळ बसते, पण ‘अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर’ कानालाच खटकते. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार भेटते. ‘हॅपन’ अकर्मक असल्याने त्याचा कर्मणी प्रयोग होतच नाही, आणि ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’ एवढेच पुरते.

मराठीतील ‘ने’ची मदतही जपून घ्यावी. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘तो झोपला’ यांतून सकर्मक-अकर्मक लगेच कळते, परंतु ‘तो चहा प्याला’, ‘ती धडा शिकली’, ‘मी नाव विसरलो’ यांत ‘ने’ नसूनही कर्म आहे.

खरी अडचण मात्र आपल्या प्रत्ययांमुळे आणि शब्दयोगी अव्ययांमुळे होते. शाळेत असताना मी ‘वी रीच्ड ॲट सातारा’ असे लिहिले होते. शिक्षकांनी ‘ॲट’भोवती लाल गोल काढला, पण कारण सांगितले नाही. कारण असे की आपण ‘साताऱ्याला’ पोहोचतो आणि त्या ‘ला’साठी इंग्रजीत काहीतरी शोधू लागतो. ‘रीच’ सकर्मक आहे, त्याला मध्ये कोणी लागत नाही: ‘वी रीच्ड सातारा’. आयर्विन पुलाजवळचे पाणी 45 फुटांवर गेले की ‘द वॉटर रीच्ड द डेंजर लेव्हल’ असेच लिहावे. ‘अराइव्ह’ अकर्मक असल्यामुळे त्याच्यापुढे मात्र ‘ॲट’ किंवा ‘इन’ हवे. याच कारणाने विषया‘वर’ चर्चा करणारा ‘डिस्कस अबाउट’ लिहितो आणि कोणा‘शी’ लग्न करणारा ‘मॅरी विथ’ लिहितो, खरे तर ही दोन्ही क्रियापदे कर्म थेट घेतात. उलट गाणे आपण सरळ ऐकतो, म्हणून ‘लिसन’नंतरचे ‘टू’ गळते, आणि आपण बसची वाट पाहतो, म्हणून ‘वेट’नंतरचे ‘फॉर’ राहून जाते.

अशा वेळी विद्यार्थ्यांसाठी केलेला चांगला शब्दकोश उघडावा. त्यांपैकी अनेकांत क्रियापदाच्या अर्थाशेजारी सकर्मकासाठी ‘टी’ आणि अकर्मकासाठी ‘आय’ हे अक्षर छापलेले असते, आणि एकाच शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांना निरनिराळे अक्षर असू शकते. पहिला शब्द म्हणून ‘एंजॉय’ काढून पाहावा. महाबळेश्वरहून आलेला प्रत्येक जण ‘वी एंजॉइड अ लॉट’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत त्याने ‘वी एंजॉइड द ट्रिप’ किंवा ‘वी एंजॉइड अवरसेल्व्ह्ज’ म्हणायला हवे.