बीपीची गोळी चालू असताना दाताच्या खुर्चीत कसं बसावं

गरोदरपणी बीपी वाढलेलं असलं, की ‘दातांचं बाळंतपणानंतर बघू’ असं घरची मोठी माणसं म्हणतात, अधूनमधून डॉक्टरही म्हणतात. प्रसूती वॉर्डात उभी हयात घालवली, म्हणून स्पष्ट सांगते, थांबू नका. सुजलेली हिरडी नऊ महिने वाट बघत नाही. हिरड्यांचा आजार असलेल्या गरोदर बायकांत बीपीचा त्रास जास्त आढळतो, हेही खरं. पण दात साफ केले की बीपी उतरतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते सिद्ध झालेलं नाही. गोळी गोळीच्या जागी, दात दातांच्या जागी.

रोजचं सोपं आहे. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, सकाळ-रात्र. रक्त आलं म्हणून ब्रश सोडू नका, सोडलात तर सूज वाढते. उलटीनंतर लगेच घासू नका. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा (गिळू नका, त्यात सोडियम असतं) आणि अर्ध्या तासाने घासा.

मिश्री बंद. ‘बोटभरच लावते’ हे मला सांगू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जाऊन रक्तवाहिन्या आवळतं. बीपीच्या बाईला हे नकोच. सासूबाई रुसल्या तर रुसू देत.

आता खुर्ची. माझी फजिती इथेच झाली. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात दाढ ठणकायला लागली. बीपी आधीच वाढलेलं. रात्री कळ सोसेना म्हणून घरात पडलेली आयब्युप्रोफेनची गोळी घेतली. नर्स असून! २० आठवड्यांनंतर ही गोळी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करते, गर्भजल कमी होऊ शकतं, शिवाय ती बीपी वाढवू शकते. पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मला सपाट आडवं केलं. थोड्याच वेळात दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. पोट मोठं झालं की उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. उपाय एका उशीचा. ती उजव्या कंबरेखाली सरकवायची आणि अंग थोडं डावीकडे कलवायचं. पाठही जरा उंच ठेवायला सांगा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा, लाजू नका.

जाताना तुमच्या बाईंकडून, म्हणजे प्रसूतीच्या डॉक्टरांकडून, चिठ्ठी न्या. कितवा आठवडा, शेवटची बीपीची नोंद आणि गोळ्यांची नावं, एवढं त्यात हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथेही ही चिठ्ठी मागता येते. गोळ्यांची नावं का, तर मिथाइलडोपाने तोंड कोरडं पडतं आणि निफेडिपिनने हिरड्या वाढू शकतात. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना सांगायचं. त्या दिवशीची गोळीही नेहमीच्या वेळी घ्या.

आपल्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या गर्दीतून येऊन जिना चढल्या चढल्या मोजलेला बीपीचा आकडा खरा धरू नका. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. आकडा १४०/९० किंवा वर असेल तर पुढे जाण्याआधी बाईंना फोन. १६०/११० असेल तर दात राहू दे. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा, तेवढाच राहिला तर दाताचा दवाखाना सोडून सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा तुमच्या प्रसूतीच्या हॉस्पिटलला जा. गाडी नसेल तर १०८ लावा.

चौथा ते सहावा महिना सगळ्यांत सोयीचा, पण पू किंवा सूज असेल तर महिना बघत बसायचं नाही. जागा बधिर करायचं इंजेक्शन आणि शिशाचा एप्रन घालून काढलेला एक्स-रे चालतो. टेट्रासायक्लिन, डॉक्सीसायक्लिन नको.

बाळंत झालात की बीपी संपलं, असं समजू नका. बऱ्याच जणींचं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातं, नेमकं घरी आल्यावर. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली कळ, दम लागणं यांतलं काहीही झालं तर ‘दाढेचंच असेल’ म्हणून लवंग चावत बसू नका, बीपी मोजा. माहेरी ‘बाळंतिणीने दात घासू नयेत, हलतात’ म्हणतील. घासा. डिंकाचा लाडू खाल्ला की चूळ भरा, तो दातांना चिकटतो. अंगावर पाजत असतानाही दात भरून घेता येतो.

१२ आठवड्यांनीही बीपी १४०/९० च्या खाली आलं नसेल, तर ते बाळंतपणाचं बीपी म्हणून सोडून देऊ नका. फिजिशियनला दाखवा.