कॅम्पर व्हॅनमधील मंद दिवे
इंग्लंडमधील आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये पाण्याचा पंप सुरू केला की आतले दिवे मंदावत आणि नळाला जेमतेम धार येई. नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) जरूर लावावा, असे मला मनापासून वाटते. कारण पंप चालू असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट, तर पंपाशी केवळ १०.४ व्होल्ट मिळाले; म्हणजे दोष बॅटरीत नव्हता, व्होल्टेज वाटेतच घटत होते. बॅटरीचे ऋण टोक आणि पंपाची ऋण वायर यांमध्ये मोजल्यावर बहुतेक घट अर्थिंगच्या, म्हणजे व्हॅनच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेच्या, बाजूलाच आढळली. दिवे व पंप यांच्या सामाईक अर्थिंगचा, सांगाड्यावरचा बोल्ट गंजला होता. बॅटरीची ऋण वायर सोडवून, ती जागा पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासली, नवा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता तेथील घट ०.१ व्होल्ट आहे.